गुंजवण्याची वाट आणि आपोआप उघडणारी दारे

पुण्याहून सातारा रस्त्याला लागावे, कात्रजचा घाट मागे टाकावा आणि चेलाडी फाट्याशी उजव्या हाताला नसरापूरची वाट धरावी. बनेश्वराचे दर्शन घ्यायचे असेल तर तेथेच जरा वाकडी वाट करावी. पुढे मार्गासनीला वेल्ह्याची सडक सोडून डावीकडे साखरच्या अंगाला वळले, की समोर राजगड असा उभा राहतो की गाडीतली बडबड आपोआप थांबते. अश्विन संपता संपता गेलात तर दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली भातखाचरे, त्यांत वाकलेली माणसे आणि वर बालेकिल्ल्याच्या माथ्यावर अडकलेला एखादा ढग. गडाच्या पायथ्याशी गाडीरस्ता संपतो, ते गाव गुंजवणे.

२०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत राजगड आहे. त्यामुळे हल्ली गुंजवण्यात सुटीच्या दिवशी मोटारींची रांग लागते. पण गावाचे पिठले-भाकरीचे आतिथ्य अजून जुन्याच चवीचे आहे. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा मंडळी पाच होती: मी, सौ., चिरंजीव, आणि सौ.चे थोरले बंधू व वहिनी. मेहुण्यांचा तीन वर्षांचा नातू तेवढा घरी ठेवला होता. त्याचे कारण गड नव्हे, सर्दी.

राजगड हा दारांचा गड आहे. पाली गावाकडून येणारा पाली दरवाजा म्हणजे राजमार्ग. पायऱ्या रुंद, आणि कमान इतकी उंच की अंबारीसकट हत्ती आत यावा, असे सांगतात. या गावाचे नाव मिरवणारा गुंजवणे दरवाजा हा एकामागून एक अशा तीन दारांचा आहे. शत्रूने एक फोडले तर पुढे दुसरे, त्यापुढे तिसरे. आणि आज गुंजवण्यातून निघालेला बहुतेक प्रवासी ज्याने पद्मावती माचीवर पोचतो तो चोरदरवाजा. तेथे एका वेळी एकानेच शिरायचे, तेही वाकून. आपण कोणीही असा, राजगडावर पाऊल टाकण्यापूर्वी मान लवते ती अशी.

गडाच्या दारांचे एक शास्त्र होते. कमानीच्या आत बाजूच्या भिंतीत भोके असतात. त्यांतून लाकडाचा जाड अडसर सरकवीत. आत देवड्या असतात, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा. लाकूड काळाने खाल्ले, पण अडसराची भोके आणि देवड्या दगडात असल्यामुळे अनेक गडांवर अजून पाहायला मिळतात. दार, अडसर आणि देवडीतला माणूस, हे तिन्ही मिळून दरवाजा होई. नुसत्या फळ्यांना कोणी दरवाजा म्हणत नसे.

वाचक म्हणतील, दाराचे एवढे कौतुक कशासाठी? तर त्या दिवशी आमच्या मंडळींच्या डोक्यात दारच होते. मेहुण्यांनी वीस वर्षांपूर्वी कोथरूडच्या आपल्या बंगल्याच्या गॅरेजला वर सरकणारे पोलादी दार बसवले, आणि ते उघडायला विजेचे यंत्र. बटण दाबले की दार घरघरत वर जाई. त्या काळी शेजारीपाजारी ते पाहायला येत. आता ते यंत्र म्हातारे झाले आहे. मध्येच थबकते, तीनदा बटण दाबल्याशिवाय हुंकार देत नाही. दुरुस्तीला येणारा मिस्त्री म्हणतो, "साहेब, भाग मिळत नाहीत, नवीनच घ्या." मेहुणे म्हणतात, ज्याने वीस वर्षे इमानाने चाकरी केली त्याला असे रस्त्यावर काढायचे? वहिनींचे मागणे एवढेच, की बाळ खाली असताना दार वरून येता कामा नये. हा वाद दसऱ्यापासून चालू होता, आणि चोरदरवाजाच्या चढावर, जिथे माणसाला श्वासही पुरत नाही, तिथेही तो थांबला नव्हता.

एका कातळावर आम्ही टेकलो तेव्हा चिरंजीवांनी तोंड उघडले. ते अभियांत्रिकी शिकले आहेत, त्यामुळे घरात एरवी त्यांना कोणी विचारीत नाही.

"मामा, तुमचं दार उचलतं कोण?"

"कोण म्हणजे? मोटर!"

"नाही मामा. दाराचं वजन पेलते ती वरची स्प्रिंग. मोटर नुसता ढकलायचं काम करते. घरी गेलात की दार बंद असताना वीज काढा, यंत्राची लाल दोरी ओढून ते सोडवा, आणि दार हाताने कमरेइतकं उचलून हळूच सैल सोडून बघा. तिथल्या तिथे राहिलं तर तोल ठीक आहे, दुखणं यंत्राचं. धाडकन खाली यायला लागलं तर यंत्र बदलून काही उपयोग नाही, आधी स्प्रिंग बघायला हवी. आणि तिला तुम्ही हात लावू नका. ताणलेली स्प्रिंग माणसाचा हात मोडते. ते काम माहीतगार मिस्त्रीचंच."

मेहुणे विचारात पडले. मलाही प्रथमच उमगले की असे दार म्हणजे मुळात एक तराजू आहे. असली वर सरकणारी दारे अमेरिकेत १९२१ च्या सुमारास आली आणि १९२६ साली त्यांना विजेची जोड मिळाली. वजन पेलणारे वेगळे आणि ढकलणारे वेगळे, हा हिशेब तेव्हापासून तसाच आहे.

"चला," उतरताना चिरंजीव म्हणाले, "तुमच्या दाराचे आजोबा इथून जवळच आहेत. ते तर विजेवाचून उघडतात."

गुंजवण्याचा पाऊस गुंजवणी नदीतून अखेर नीरेला मिळतो, आणि शेजारच्या खोऱ्यातली वेळवंडीही नीरेलाच. त्या वेळवंडीवर भोरजवळ भाटघरचे धरण आहे. आम्ही नसरापूरवरून पुन्हा हमरस्त्याला लागलो, कापूरहोळला भोरकडे वळलो आणि उन्हे कलायच्या आत तेथे पोचलो. हे धरण इंग्रजी अमदानीतले, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बांधलेले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे नाव त्याला दिलेले होते. साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी पोटात घेणाऱ्या या धरणाला पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय काठोकाठ भरला आणि वरून लोंढा येतच राहिला, की ते आपोआप उघडतात. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत ही बातमी येते आणि आपण ती चहाबरोबर वाचून सोडून देतो.

या जातीच्या दारांची युक्ती थोडक्यात अशी. दाराच्या एका अंगाला त्याचे स्वतःचे वजन, दुसऱ्या अंगाला साखळीने जोडलेला भार. एरवी दोघे एकमेकांना तोलून धरतात. पाणी ठरावीक रेषेवर चढले, की ते एका वाटेने भाराच्या कुंडात शिरते. पाण्यात बुडालेली वस्तू हलकी होते हे आपण शाळेत शिकलो आहोत. भार हलका झाला की तोल जातो आणि दार सरकते. पाणी उतरले, कुंड रिकामे झाले, की भार पुन्हा जड होतो आणि दार मिटते. मध्यरात्री वादळात वीज गेली तरी या यंत्राला त्याची खबर नसते.

याच विचाराचे दुसरे नामांकित उदाहरण आपल्या खडकवासल्याचे. पुण्यातच अभियांत्रिकी शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी भिंत न वाढवता तलावात जास्त पाणी धरता यावे म्हणून आपण योजलेली स्वयंचलित दारे १९०३ साली तेथे बसवली. पुढे तशी ग्वाल्हेरच्या तिगरा धरणाला आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरालाही लागली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचेही धरण गेले, ते पुण्याची जुनी माणसे विसरलेली नाहीत. पानशेतच्या पाणी सोडण्याच्या मोरीची दारे अर्धवट उघडी लटकत होती, ती उचलण्या-सोडण्याची यंत्रणा पुरी बसलेलीच नव्हती, असे जाणकारांनी पुढे लिहून ठेवले आहे. तेथे यंत्र जुने नव्हते, नवे होते आणि अपुरे होते. नवे म्हणजे निर्धोक, असे म्हणणाऱ्याने हे एकदा आठवावे.

मेहुण्यांना हे ऐकून भलताच हुरूप आला. "बघा! शंभरीला आलेलं दार चालतं आणि माझं वीस वर्षांचं म्हातारं? मुळीच बदलायचं नाही!"

"पण दादा," सौ. म्हणाली, "हे दार उघडतं तेव्हा खाली नदीत कोण आहे, ते त्याला दिसतं का?"

आम्ही सगळेच गप्प झालो. खाली नदीच्या पात्रात एक बाई धुणे धूत होती. थोडे पुढे दोन पोरे म्हशींना पाण्यात घालत होती.

तिचे म्हणणे अगदी खरे होते. ते दार पाण्याची पातळी ओळखते, माणूस ओळखत नाही. म्हणून तर पाणी सुटणार असले की नदीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा देतात, पात्रातली जनावरे आणि मोटारपंप काढायला सांगतात. उघडायचे काम दार आपले आपण करते, पाहायचे काम अजून माणसाकडेच आहे. देवडीतला पहारेकरी गेला, पण त्याची जागा रिकामी ठेवून चालत नाही.

गॅरेजच्या दाराचेही असेच झाले. अमेरिकेत आपोआप मिटणाऱ्या दारांखाली सापडून लहान मुले दगावू लागली, तेव्हा तेथे कायदा झाला. १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती यंत्रांना, काही आडवे आले तर दार उलटे फिरवण्याची सोय सक्तीची झाली. बहुधा ही सोय म्हणजे जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन्ही बाजूंना समोरासमोर लावलेले दोन डोळे. त्यांच्यामधला अदृश्य किरण तुटला, की खाली येणारे दार थांबते आणि परत वर जाते. मेहुण्यांच्या यंत्राला असे डोळे नव्हते. दार कशाला अडले तर परत फिरावे म्हणून आत काही योजना होती, ती चालते की नाही हे वीस वर्षांत कोणी पाहिले नव्हते. ते पाहायला लाकडाची एक आडवी फळी जमिनीवर ठेवून दार मिटायचे, एवढाच खटाटोप लागतो.

परतीच्या वाटेवर वाद झालाच नाही. मेहुणे खिडकीबाहेर पाहत बसले होते. कात्रज आल्यावर म्हणाले, "दार ठेवतो. तोल बरोबर असला तर स्प्रिंगही ठेवतो. यंत्र मात्र नवं आणतो, डोळ्यांचं." वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून भोरला घेतलेले पेढे काढले आणि पहिला मेहुण्यांच्या हातावर ठेवला. पुढे फळीची परीक्षा झाली, आणि जुन्या यंत्राने ती फळी दाबून धरली ती सोडलीच नाही. मग कोणाला काही समजावण्याची गरज उरली नाही.

जुने यंत्र ठेवावे की काढावे, हा प्रश्न आज घराघरांत आहे, मग ते गॅरेजचे दार असो, सोसायटीचे फाटक असो की दुकानाचे विजेवरचे शटर. त्याचे वय मोजून उत्तर सापडत नाही. वजन कोण पेलते ते पाहावे, वीज गेली तर आतला माणूस हाताने दार उघडून बाहेर येऊ शकतो का ते पाहावे, आणि वाटेत कोणी आले तर यंत्राला ते कळते का हे पाहावे. पहिल्या दोहोंत उणे असेल तर पुष्कळदा दुरुस्ती पुरते. तिसऱ्यात उणे असेल, बाहेरून डोळे जोडण्याची सोयही नसेल, आणि घरात रांगते मूल असेल, तर जुन्याची माया करू नये.

आणि गुंजवण्याला जरूर जा. दिवाळीनंतरच्या थंडीत चढ सोसतो, भात झोडण्याचा आवाज खालून वर ऐकू येतो. चोरदरवाजाशी वाकून आत शिरलात की क्षणभर थांबा आणि मागचा वर येईपर्यंत त्याला हात द्या.