पहिली वेलांटी

आईच्या डोळ्यांतला मॅक्युला झिजत चालला आहे. नजरेच्या मधोमध धूसर, कडेचं तेवढं दिसतं. पेपर वाचणं कधीच सुटलं. पण अक्षरं पुरेशी मोठी, काळ्यावर पिवळी असली, तर मान जरा वळवून ती अजून वाचते. म्हणून गोळ्यांच्या वेळा दाखवणारी एक खिडकी तिच्यासाठी लिनक्सच्या जुन्या लॅपटॉपवर केली. पायथनमध्ये हे मोजक्या ओळींचं काम: टीकिंटर बोलवायचं, खिडकी उघडायची, तीत एक लेबल ठेवायचं, लेबलला मजकूर आणि अक्षराचा आकार सांगायचा आणि शेवटी मेनलूप. मेनलूप म्हटलं की खिडकी उघडी राहते. ‘आफ्टर’ला वेळ सांगून ठेवली की मजकूर आपला आपण बदलतो. पहिला मजकूर होता, ‘निळी गोळी, रात्री जेवणानंतर’.

आईनं खुर्ची पुढे ओढली, मान वळवली आणि म्हणाली, “अगं, वेलांटी पलीकडे पडलीय. आणि रात्री तुटलीय बघ.”

पाहिलं तर ‘नि’ची वेलांटी खरंच ‘न’ ओलांडून उजवीकडे उभी होती. ‘त्री’ जुळलंच नव्हतं. त, त्याच्या पायाशी हलन्त, मग सुटी री. ज्या डोळ्यांना दारात आलेल्या माणसाचा चेहरा लागत नाही, त्यांनी हे पकडलं.

पकडणारच. तालुक्याच्या एका कचेरीत आई टायपिस्ट होती. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, दोन्ही परीक्षा दिलेली. शाळा सुटली की मी तिच्या टेबलाशेजारच्या बाकावर बसायचे. कार्बनचा वास, ओळ संपली की वाजणारी घंटी, आणि त्या सगळ्याखाली आईचा पुटपुटता आवाज. कागदावर कुणाचं नाव आलं की ती ते आधी हलकेच उच्चारायची, मगच बोटं चालवायची. बाकी मजकूर मुकाट्यानं, नाव मात्र म्हणून. त्या कचेरीतलं बाकी बरंच पुसट झालं आहे, ते ओठ हलणं मात्र तसंच आहे.

तिच्या यंत्रावर पहिली वेलांटी आधी दाबावी लागे, अक्षर मागून. रफार मात्र अक्षरानंतर. कागदावर डावीकडून उजवीकडे जसं दिसतं, तसंच बोटांनी जायचं. संगणक असं करत नाही. तो ‘नि’ साठवतो तो बोलण्याच्या क्रमानं, आधी न, मग इकार. ‘वर्ष’मधला र ष च्या डोक्यावर बसतो, पण पोटात तो ष च्या आधी असतो. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये जिस्ट म्हणून वाढलेलं काम याच क्रमावर उभं राहिलं. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोनं इस्की हे मानक ठरवलं, त्यातही हाच क्रम. युनिकोडनं देवनागरीची मांडणी इस्कीच्या त्याआधीच्या, १९८८च्या आवृत्तीवरून घेतली. म्हणजे आईच्या बोटांनी डोळ्याचा क्रम पाळला आणि यंत्राच्या पोटात जिभेचा क्रम गेला. जिभेकडून डोळ्याकडे न्यायचं काम मध्ये कुणीतरी करावं लागतं. वेलांटी अलीकडे सरकवायची, र डोक्यावर चढवायचा, त आणि र मिळून त्र करायचा, ‘दुसऱ्या’मधला तो आडवा र ओळखायचा. छापखान्यात हे कंपोझिटर करायचा. संगणकात तो नेमलाच नसेल, तर खिळे नुसते एकापुढे एक लागतात.

टीकिंटर ज्यावर उभं आहे, त्या ‘टीके’चा जन्म झाला तेव्हा या कंपोझिटरची गरज तिथे कुणाला पडली नव्हती. बर्कलीच्या विद्यापीठात जॉन औस्टरहाउट आणि त्यांचे विद्यार्थी चिपचे आराखडे काढण्याची साधनं लिहीत होते. दर साधनाला हुकूम सोडण्यासाठी वेगळी, घाईत रचलेली भाषा. एकच छोटी भाषा करू, ती कुठल्याही साधनात बसवता येईल, या विचारातून १९८८ साली टीसीएल आली. त्याच वर्षाअखेर त्यांनी टीके हाती घेतलं. ज्या बटणासाठी सी भाषेत पानंच्या पानं लिहावी लागत, ते इथे एका ओळीत उभं राहू लागलं. या कामाला १९९७चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. पुढे पायथननं टीकेला आपलंसं केलं, तेच टीकिंटर. मला या माणसांबद्दल फार आदर आहे. खिडकीत चार शब्द दाखवायला अभियंता असावं लागू नये, हे त्यांनी मनावर घेतलं, म्हणून तर माझ्यासारखीला संध्याकाळी बसून आईसाठी काही करता आलं.

१९९९च्या ८.१ आवृत्तीपासून टीसीएलला युनिकोड कळतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर ती ओळखते. विंडोज आणि मॅकवर जुळणीचं काम मूळ प्रणालीच करते, तिथे वेलांटी जागेवर बसते. माझ्या लिनक्सवरचं टीके मात्र अक्षरं एक्सएफटीच्या हाती देतं, आणि एक्सएफटी शेजाऱ्याकडे न बघता एकेक ठेवत जातं. त्याच लॅपटॉपवर तोच मजकूर मी जीटीके या खिडक्या करण्याच्या दुसऱ्या साधनाच्या लेबलात घातला. तिथे पँगो आणि हार्फबझ जुळणी करतात. ‘निळी गोळी, रात्री’ नीट उमटलं आणि आईनं गोळीची वेळ न सांगता वाचली.

पण ‘समजतंय ना, मग झालं’ असं म्हणणाऱ्यांवरचा माझा राग त्यानं गेला नाही. हे वाक्य मी दुकानाच्या पावतीवरून, बसच्या पाटीवरून, लग्नपत्रिकेवरून ऐकलं आहे. तुटलेली मराठी दाखवली की म्हणणारा खांदे उडवतो. इंग्रजीतल्या शब्दात एखादं अक्षर शेजारच्या अक्षरापलीकडे पडलं असतं, तर त्यानं काम तिथेच थांबवलं असतं.

आईच्या त्या कचेरीत एक बाई यायच्या. आधीच्या कुठल्याशा नकलेत त्यांच्या नावातला रफार शेजारच्या अक्षरावर पडला होता आणि त्या नावानं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. जमीन नवऱ्यामागे त्यांच्या नावावर व्हायची होती. अर्ज, प्रतिज्ञापत्र, पुन्हा अर्ज. बाकावर त्या माझ्या शेजारी बसत, पिशवीतले कागद काढून पुन्हा घडी घालत. समजत सगळ्यांनाच होतं. साहेबांनाही समजत होतं की ही तीच बाई. तरी कागद हलत नव्हता. शेवटी नवी नक्कल आईकडे टायपाला आली. आईनं ते नाव एकदा नाही, दोनदा उच्चारलं, आणि बाईंनी “हां, तेच” म्हटल्यावर कळ दाबली.

आता मला वाटतं, मराठी शाळेत संगणकाचा पहिला धडा हाच असावा. ‘हॅलो’ नको. प्रत्येक पोरानं चार ओळी लिहून आपलं पूर्ण नाव खिडकीत आणावं. सिद्धार्थनं, ऐश्वर्यानं, श्रद्धानं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. नाव तुटलं तर धडा तिथेच थांबवावा आणि विचारावं, का तुटलं? अक्षर पोटात कसं ठेवतात, डोळ्यापर्यंत कसं आणतात, हे काम कुणी केलं आणि कुणी अर्धं सोडलं, सगळं त्या एका प्रश्नात येतं. टीकेचा सोर्स कुणालाही उघडून पाहता येतो, बदलताही येतो. ज्या मुलीचं नाव त्यात मोडेल, तीच एक दिवस ते दुरुस्त करायला बसेल, असं मला मनापासून वाटतं.