टाकीतला गंज

आज जरा मोठं लिहितो आहे, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात अमेरिकेतल्या भाच्याचा रात्री फोन आला. "मामा, जरा आवाज ऐका," म्हणत त्यानं मोबाईल गाडीच्या बॉनेटजवळ धरला. इंजिन अडखळत होतं. थरथर, मग दम कोंडल्यासारखं, मग बंद. गाडी माझदाची आरएक्स-८, जुनी घेतलेली. हिच्यात आपल्या गाड्यांसारखे वर-खाली होणारे पिस्टन नसतात. वँकेल पद्धतीचं इंजिन, आत दोन तिकोनी रोटर फिरतात. प्रत्येक रोटरला दोन प्लग, म्हणजे चार प्लग आणि चार कॉइल. रस्त्यावर बरी पळते, पण सिग्नलला थांबली की बंद. "प्लग बदलले, कॉइल बदलल्या, तरी तेच. विकणाऱ्यानं मला फसवलं मामा."

मी कॉमर्सचा माणूस. रोटर कधी डोळ्यांनी पाहिला नाही. पण त्या शेवटच्या वाक्यानं माझी झोप उडाली. असंच एक वाक्य मीही बोललो होतो, १९८७ साली.

तेव्हा आपलं पांढुर्णा छिंदवाडा जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा व्हायला २०२३ उजाडलं. मी बँकेत फील्ड ऑफिसर होतो. नागपूरहून एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला. गावात सगळे तिला फियाटच म्हणत. आईला जामसावळीच्या हनुमानाला न्यायचं, एवढीच चैन. गाडी रविवारीच निघे. पेट्रोल मी पाच लिटरच्या वर कधी भरलं नाही. उभ्या गाडीत पैसा कशाला अडकवायचा, हा माझा हिशेब.

पावसाळा संपला आणि गाडीचं दुखणं सुरू झालं. सौंसर रोडला पन्नासच्या वेगात उत्तम चाले. बाजारात पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की थरथरायची आणि बंद पडायची. एकदा जाम नदीच्या पुलावर भर गर्दीत बंद पडली. मागं बैलगाड्यांची रांग, आत आई. लाज वाटली.

मिस्त्री आपल्या गावचाच. शिक्षण चौथीपर्यंत, पण कान तयार. त्यानं कार्बोरेटर उघडला, जेट साफ केला. गाडी चार दिवस छान चालली, पाचव्या दिवशी तेच. पुन्हा साफ केला, पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "साहेब, टाकी खोलू द्या. रोग तिथं हाये." मला वाटलं, बिल वाढवतोय. मी म्हटलं, "टाकी मागं, इंजिन पुढं. टाकीचा काय संबंध?"

दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, प्लग बदलले, कॉइलही बदलली. शेवटी स्लोचा स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवून दिला. पैसे गेले, दोष राहिला. बँकेत चहाच्या वेळी मी मोठ्यानं म्हणालो, "त्या पहिल्यानं मुद्दाम काम अर्धवट ठेवलं. फसवलं मला."

एवढ्यावर थांबलो असतो तर आज लिहायचं कारण नव्हतं. पण त्याच मिस्त्रीचा हवेच्या कॉम्प्रेसरसाठी कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर होता. दुकान पाहिलेलं, कागद पूर्ण, जामीनदार चोख. मी शेरा मारला, "कामाबाबत ग्राहकांचे समाधान नाही. पुन्हा पाहणी करावी." ग्राहक म्हणजे मी एकटा! फाईल अडीच महिने पडून राहिली.

अखेर आईनंच मला झापलं, "तो टाकी म्हणतो तर दाखव न टाकी." गाडी ढकलत त्याच्याकडे नेली. तो काही बोलला नाही. टाकी उतरवली, पेट्रोल पांढऱ्या बादलीत ओतलं. तळाशी चहाच्या चोथ्यासारखा तांबडा गाळ बसला. मग मला समजावलं. टाकी रिकामी ठेवली की वरच्या जागेत ओली हवा राहते, पावसाळ्यात तिचं पाणी होतं आणि पत्र्याला गंज धरतो. त्याचे कण पेट्रोलबरोबर पुढं येतात. गाडी वेगात असते तेव्हा मोठा जेट पेट्रोल देतो, त्यातून कण निघून जातात. स्लोवर चालायला जो जेट असतो त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. तेच आधी बुजतं. म्हणजे दोष माझ्या पाच लिटरच्या हिशेबाचा होता.

टाकी धुऊन झाली. मग तो पेट्रोलची नळी सायकलच्या पंपानं साफ करत बसला. ऊन, घाम गळतोय. सहज म्हणाला, "कॉम्प्रेसर असता तर एका फुकीत झालं असतं, साहेब." मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी फाईल मंजुरीला पाठवली. कॉम्प्रेसर आला तेव्हा त्यानं नारळ माझ्याच हातानं फोडायला लावला, घरी संत्र्यांची थैली पाठवली. उशीर का झाला हे मी त्याला सांगितलं नाही. बदल्या होत गेल्या, रिटायर झालो. मिस्त्री गेला. सांगायचं राहूनच गेलं.

भाच्याला मी एवढंच म्हणालो, "आधी शेवटचा हात तुझा कुठं लागला ते आठव." दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. एअर फिल्टर त्यानं स्वतः बदलला होता आणि हवेच्या नळीचा क्लॅम्प ढिला राहिला होता. मोजमापाबाहेरची हवा आत शिरत होती. विकणाऱ्याचा काही संबंध नव्हता.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी मिस्त्रीच्या दुकानावर गेलो. आता मुलगा बसतो. कॉम्प्रेसर नवा आहे, जुना कोपऱ्यात ठेवलाय. त्याला सगळं सांगितलं, शेऱ्यासकट. तो हात पुसत ऐकत होता. मग हसला.

"बाबाले मालूम होतं, काका. बँकेतल्या शिपायानं तवाच सांगतलं होतं. बाबा म्हणे, साहेबाच्या टाकीतला गंज निंघू दे, फाईल आपोआप चालू होते."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. त्यानं पोऱ्याला दोन चहा सांगितले.