ओटा, मोरी आणि छुपा खर्च

कष्टकऱ्याच्या घरात ओटा आणि मोरी ही कामे हौसेने कोणी काढत नाही. लादी उखडते, खालच्या घरात पाणी झिरपते, शेजारी दारात येऊन बोलून जातात, किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उकिडवे बसवत नाही, तेव्हा ती काढावी लागतात. पैसा म्हणावा तर भिशीचा, फंडातून काढलेला, नाहीतर पतपेढीच्या कर्जाचा. असा मोजूनमापून आणलेला पैसा काम अर्धे असतानाच संपला, तर कंत्राटदार म्हणेल त्याला मान डोलवावी लागते. संडास फोडून ठेवलेल्या घराला थांबायला वेळ नसतो आणि हे त्याला पक्के ठाऊक असते.

गेल्या वर्षी आमच्याकडे हे काम निघाले. आम्ही दोघे नवराबायको, आई आणि दोन मुली असे पाच जणांचे कुटुंब. तिसऱ्या मजल्यावरची जुनी खोली, लिफ्ट नाही. आईचे वय ७४, गुडघे पार गेलेले. तिच्यासाठी कमोड बसवायचा, मोरीची गळती बंद करायची आणि खचलेला ओटा नव्याने घालायचा, एवढेच काम. आमच्याच चाळवजा इमारतीत दोन घरांची कामे ठरलेल्या रकमेच्या दीडपट खर्चाला गेलेली आम्ही पाहिली होती. एका घरी तर मुलीच्या कॉलेजची फी त्यात गेली. म्हणून आम्ही आधी वही-पेन्सिल घेऊन बसलो आणि मगच माणूस बोलावला. त्या वहीतले काही वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हे लिहीत आहोत.

एकच काम, तीन आकडे

आम्ही तीन जणांकडून दर मागवले. पहिल्याने ९५,००० सांगितले, दुसऱ्याने १,२४,००० आणि तिसऱ्याने १,३८,०००. लाद्या, कमोड, नळ आम्ही आणायचे. सिमेंट, रेती, पाइप, ओट्याचा दगड आणि सगळी मजुरी त्यांची. आकडे पाहून नातेवाईक म्हणाले, "पहिल्याला देऊन मोकळे व्हा." पण आम्ही तिघांनाही एकच प्रश्न विचारला, "यात काय काय धरलेले नाही ते सांगा."

पहिला गृहस्थ हसून म्हणाला, "ताई, ते सगळं वेगळंच असतं." त्याचे 'वेगळे' आम्ही त्याच्यासमोरच वहीत उतरवून घेतले. जुने बांधकाम तोडण्याचे १२,०००. मलबा तीन मजले खाली उतरवून गाडीने नेण्याचे ९,०००. वॉटरप्रूफिंगचे १४,०००. कमोड आणि नळ बसवण्याची मजुरी ११,०००. विजेच्या पॉइंटचे ६,०००. ग्रॅनाइटची कड घासणे आणि सिंकसाठी भोक पाडणे ४,०००. बेरीज झाली ५६,०००. म्हणजे ९५,००० चे काम १,५१,००० वर गेले.

दुसऱ्याच्या कागदावर तळाशी बारीक अक्षरात 'कर वेगळा' असे होते. १८ टक्के जीएसटी धरला तर त्याचे २२,३२० होतात आणि एकूण रक्कम १,४६,३२० होते. आम्ही त्याचा जीएसटी क्रमांक मागितला, तेव्हा तो गप्प झाला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्याची नोंदणी नाही त्याला ग्राहकाकडून जीएसटी वसूल करता येत नाही. नोंदणी असेल तर १५ अक्षरांचा क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या क्रमांकाची सुरुवात २७ ने होते आणि तो क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर मोबाइलमधूनही तपासता येतो. क्रमांक आणि रीतसर बिल नसेल, तर कराच्या नावाने एक पैसाही देऊ नये.

तिसऱ्या मिस्त्रीने तोडफोडीपासून सिंकच्या भोकापर्यंत सारे धरून १,३८,००० सांगितले होते. जो सर्वांत महाग दिसत होता, तोच सर्वांत स्वस्त निघाला. काम त्याला दिले.

लपवलेला खर्च आणि न दिसलेला खर्च

छुपा खर्च दोन जातींचा असतो. एक लपवलेला आणि दुसरा कोणालाच न दिसलेला. मलबा उतरवावा लागणार, हे कंत्राटदाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तो खर्च सांगितला नाही, तर तो लपवलेला. पण जमिनीखालचा पाइप सडला आहे की नाही, हे लादी काढल्याशिवाय त्यालाही कळत नाही. त्याबद्दल त्याला चोर ठरवणे बरे नव्हे.

न दिसलेल्या खर्चासाठी आम्ही दोन गोष्टी केल्या. एकूण रकमेच्या दहा टक्के, म्हणजे १३,८०० रुपये, वेगळे काढून ठेवले. आणि कागदावर लिहून घेतले की, जादा काम निघाले तर आधी दाखवायचे, दर सांगायचा, वहीत लिहून दोघांनी सही करायची आणि मगच हात लावायचा. झालेही तसेच. मोरीची जमीन फोडल्यावर सांडपाण्याचा जुना बिडाचा पाइप हातात घेताच भुगा झाला. मिस्त्रीने आम्हांला बोलावून दाखवले, ७,४०० रुपये सांगितले, आम्ही सही केली. भांडण नाही, तंटा नाही. काम संपले तेव्हा एकूण १,४५,४०० झाले आणि बाजूला काढलेल्या पैशातले ६,४०० उरले.

माप आपण घ्यावे

लादीकाम बहुधा चौरस फुटावर असते. टेप घरात हवीच. आमची मोरी चार फूट बाय सहा फूट. चारही भिंतींची लांबी वीस फूट, लाद्या सात फुटांपर्यंत, म्हणजे १४० चौरस फूट. त्यातून अडीच बाय सातचा दरवाजा वजा केला, की साडेसतरा फूट कमी होऊन १२२.५ राहतात. जमिनीचे २४ वेगळे. काही कारागीर दरवाजाचे मापही धरतात आणि 'अशीच पद्धत आहे' म्हणतात. पद्धत काहीही असो, दरवाजा धरायचा की सोडायचा हे दर ठरतानाच लिहावे. काम झाल्यावर त्यावर वाद घालून उपयोग नाही.

लाद्या विकत घेताना तूटफूट आणि कापाकापीसाठी दहा टक्के जास्त घ्याव्यात. भिंतीचे १२२.५ आणि त्यावर दहा टक्के म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. एक फूट बाय दोन फुटांची लादी दोन चौरस फुटांची असते, म्हणून ६८ लाद्या. खोक्यावर किती लाद्या आहेत ते छापलेले असते, त्यावरून खोकी मोजावीत. सगळी खोकी एकाच वेळी आणि एकाच बॅचची घ्यावीत, कारण मागाहून आणलेल्या लादीचा रंग जुळेलच असे नाही. न फोडलेली खोकी परत घेणार का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे.

ओट्याचेही तसेच. आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद ओटा म्हणजे १६ चौरस फूट. पण कड गोल करणे रनिंग फुटावर असते, सिंकचे भोक नगावर असते आणि खालच्या कडप्प्याचे माप पुन्हा वेगळे असते. सिंकसाठी कापलेल्या दगडाचे पैसेही धरले जातात. हे चारही दर वेगवेगळे विचारावेत.

कमोड घेण्याआधी मिस्त्रीला एकच विचारावे, एस ट्रॅप की पी ट्रॅप? एस ट्रॅपची वाट जमिनीतून खाली जाते, पी ट्रॅपची भिंतीतून मागे. दुकानातली सूट पाहून चुकीचा कमोड घरी आला, तर जमीन पुन्हा फोडण्याचा खर्च त्या सुटीच्या कितीतरी पट होतो.

पैसे कामाच्या मागून जावेत

"अर्धे आगाऊ द्या" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्ही सुरुवातीला २० टक्के दिले. वॉटरप्रूफिंगची परीक्षा झाल्यावर ३०, लाद्या आणि ओटा झाल्यावर ३०, नळ-कमोड बसल्यावर १५ आणि उरलेले ५ टक्के एक महिन्याने. प्रत्येक वेळी तारीख, रक्कम आणि मिस्त्रीची सही. मोबाइलवरून पैसे पाठवले तरी वहीत नोंद केलीच.

वॉटरप्रूफिंगची परीक्षा सोपी आहे, पण लाद्या बसवण्याआधीच ती झाली पाहिजे. पाण्याची वाट बंद करून मोरीत पाणी भरले आणि ४८ तास तसेच ठेवले. दोन्ही दिवस आम्ही खालच्या काकूंच्या घरी बॅटरी घेऊन छत पाहून आलो. कोरडे होते. लाद्या लागल्यावर गळती कळली असती, तर सगळेच पुन्हा फोडावे लागले असते. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे घरातल्या संडास-सिंकची आतली गळती दुरुस्त करण्याचा खर्च सभासदाचा असतो, हेही सांगून ठेवतो.

शेवटच्या पाच टक्क्यांनी, म्हणजे ६,९०० रुपयांनी, आपले काम केले. तीन आठवड्यांनी नळाच्या सांध्यातून पाणी येऊ लागले. फोन केला, मिस्त्री दुसऱ्या दिवशी हजर. सगळे पैसे आधीच गेले असते, तर तो इतक्या लवकर आला असता असे वाटत नाही.

भिंतीला हात लावण्यापूर्वी

ओट्याला जागा मिळावी म्हणून भिंत काढण्याचा मोह होतो. आम्हांलाही तसे सुचवण्यात आले. आम्ही सोसायटीला लेखी विचारले आणि इंजिनिअरने नको म्हटल्यावर विषय संपवला. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला एक चार मजली इमारत कोसळून १७ माणसे गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांवर तेव्हा ठपका ठेवला गेला. खांब आणि तुळई ही एकट्या आपल्या घराची नसतात. सोसायटीची परवानगी घ्यावी, अनामत रक्कम मागितली तर पावती घ्यावी आणि ती परत मिळण्याच्या अटी विचाराव्यात. मलबा गटारात किंवा रस्त्याच्या कडेला टाकला, तर दंड आपल्या दारात येऊ शकतो. म्हणून गाडी कुठे जाणार, हेही विचारावे.

घाम कोणाचा?

आता जे सांगायचे, ते हिशेबाच्या वहीत बसत नाही. मलबा उतरवायला दोन बिगारी आले, एक पुरुष आणि एक बाई. दोघेही नाक्यावरून आणलेले. डोक्यावर सारखीच गोणी आणि जिनाही तोच. दुपारी आईने बाईला चहा दिला आणि सहज रोज विचारला. तिचा रोज दोनशेने कमी होता. आईनेही उमेदीत नाक्यावर उभे राहून दिवस काढलेले. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी आम्हांला म्हणाली, "तुमच्या कागदात मलब्याचे पैसे लिहिलेत. ते कोणाला किती पोचतात, तेही लिहा."

आम्ही मिस्त्रीशी बोललो. तो आधी कुरकुरला, पण दुसऱ्या दिवसापासून दोघांना सारखा रोज दिला. समान कामाला समान मजुरी हा कायदा १९७६ साली झाला आणि आता तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे. बांधकाम कामगारांसाठी महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ आहे. वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला असेल, तर तेथे नोंदणी होते. आपल्यापैकी कितीतरी घरांत गवंडी, बिगारी, प्लंबर आहेत. त्यांनी हा दाखला कंत्राटदाराकडे मागावा.

घासाघीस करून दर फार खाली आणला, तर कंत्राटदार स्वतःचा नफा सोडत नाही. तो सिमेंट कमी घालतो, नाहीतर बिगाऱ्याचा रोज कापतो. पहिल्याची झळ आपल्याला लागते, दुसऱ्याची आपल्यासारख्याच कोणाला तरी. म्हणून दर वाजवी असावा, पण पुरा असावा आणि लिहिलेला असावा.

एवढे करूनही कोणी फसवलेच, तर घाबरू नये. तोंडी करारही करारच असतो, पण सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून कागद, पावत्या आणि कामाचे फोटो जपावेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करून आधी सल्ला घेता येतो.

ज्यांच्या घरी काम निघणार आहे, त्यांनी आजच एक शंभर पानी वही आणावी. पहिल्या पानावर 'काय धरलेले नाही?' हा प्रश्न लिहावा आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत घराची एकही लादी उखडू देऊ नये.