पहिला नंबर कुणाचा?

वाद घालायला माणसाला फारसे भांडवल लागत नाही. एक कप चहा, दोन-तीन श्रोते आणि आपलेच खरे असा ठाम विश्वास, एवढे जवळ असले की पुरे. आमच्या महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये या तिन्ही गोष्टी मुबलक मिळतात. त्यातला चहा तेवढा उधारीवर असतो.

2025 सालच्या पावसाळ्यात वाङ्मय मंडळाच्या फलकावर एक सूचना झळकली. 1975 सालच्या चित्रपटांना पन्नास वर्षे झाली. त्या एका वर्षातला आपल्याला सर्वांत आवडलेला चित्रपट निवडावा आणि तो सर्वोत्तम का, हे पाच मिनिटांत श्रोत्यांना पटवून द्यावे. प्राथमिक फेरी दिवाळीच्या सुटीआधी, अंतिम फेरी सुटीनंतर आणि शेवटी श्रोत्यांचे मतदान. सूचना वाचून आम्ही हसलो. ज्या साली आमचे आईवडीलही जन्मले नव्हते, त्या सालचे चित्रपट आम्ही काय निवडणार? पण एका सरांनी त्या वर्षाची यादी फळ्यावर लिहिली आणि आमची मती गुंग झाली. 'दीवार', 'शोले', 'आंधी', 'मिली', 'चुपके चुपके', 'निशांत', 'जय संतोषी माँ' आणि मराठीत 'सामना' व 'पांडू हवालदार'. एका वर्षाच्या पोटात एवढे सगळे कसे मावले, कोण जाणे!

मग वसतिगृहात रात्री जागू लागल्या. मोबाईलच्या वीतभर पडद्यावर चार-चार डोकी एकत्र येऊन सत्तर एम.एम.चा 'शोले' पाहू लागली. पंधरवड्यात अशी वेळ आली की आम्ही एकमेकांना नावाने हाक मारणेच सोडून दिले. ज्याने जो चित्रपट धरला तेच त्याचे नाव. "अरे दीवार, माझी वही दे," "चुपके चुपके आज तासाला का नाही आली?" असे संवाद ऐकून नव्या शिपाईमामांना आमच्या डोक्यांविषयी शंका आली असल्यास त्यांचा दोष नाही.

'शोले' माझा खोलीतला जोडीदार. त्याचे म्हणणे सरळ होते. 15 ऑगस्ट 1975 रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षे चालला, एवढा एक मुद्दा पुरे. पाच वर्षे लोक मूर्ख नसतात! 'दीवार' अर्थशास्त्राचा विद्यार्थी. तो पुराव्याचा माणूस. "फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार 'दीवार'ला मिळाला. 'शोले'ला मिळाला तो एकच, संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. म्हणजे तुझ्या चित्रपटातले उत्तम काय, तर कात्री!" त्यावर 'शोले' उसळून म्हणाला, "दोन्ही चित्रपट लिहिले सलीम-जावेद यांनीच. तेव्हा भांडायचे तर त्यांना जाऊन भांड." 'चुपके चुपके' मात्र शांतपणे हसत असे. तिचे म्हणणे, वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक मोटारचालक होतो आणि इंग्रजीच्या प्राध्यापकाला वनस्पतिशास्त्र शिकवावे लागते, असा चित्रपट महाविद्यालयात पहिला आला नाही तर कुठे येणार? शिवाय धर्मेंद्र आणि अमिताभ हीच जोडी त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जींनी एकही गोळी न झाडता वापरून दाखवली, हा तिचा हुकमाचा एक्का.

मी 'सामना' निवडला. डॉ. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांचे लेखन, निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू समोरासमोर. साखर कारखान्याच्या जोरावर गावाचा धनी झालेला हिंदुराव आणि कुठून तरी भटकत आलेला, दारूने खंगलेला म्हातारा मास्तर. मास्तर एकच गोष्ट विचारत सुटतो, की या गावातला मारुती कांबळे नावाचा माणूस गेला कुठे? गावात सगळ्यांना ठाऊक असते, पण विचारत कुणीच नाही. हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवातही गेला होता. जून 1975 मध्ये आणीबाणी लागली आणि विचारणेच अवघड होऊन बसले. त्या काळात 'आंधी'चे खेळ थांबवले गेले, 'शोले'चा शेवट सेन्सॉरसाठी बदलावा लागला. अशा वर्षी ज्या चित्रपटाचा प्राणच एक प्रश्न आहे, तोच त्या वर्षाचा खरा चित्रपट, असा माझा मुद्दा होता. मुद्दा वाईट नव्हता. आजही मला तो वाईट वाटत नाही.

पण नुसत्या मुद्द्यावर टाळ्या पडत नाहीत, हे मला पहिल्या वर्षातच कळले होते. म्हणून प्राथमिक फेरीत मी भाषणाला थोडी फोडणी घातली. त्यासाठी गरीब बिचारा 'जय संतोषी माँ' सापडला. त्याला कुणीही वाली नव्हता; आमच्या वर्गातल्या एकानेही तो निवडला नव्हता. मी म्हणालो, "याच वर्षी, जिचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते अशी एक देवी पडद्यावर अवतरली आणि लोक थिएटराबाहेर चपला काढून आत गेले. चपला बाहेर ठेवल्या हे ठीक. पण त्यांनी डोकीही बाहेरच ठेवली!" सभागृह हसले. मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या. एका मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. मी अंतिम फेरीत गेलो.

दिवाळीच्या सुटीत गावी गेलो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला, त्यामुळे मी भाषण पाठ करू लागलो की घरातली माणसे दबक्या पावलांनी वावरतात. त्या दिवशी मी सोप्यात फेऱ्या मारत मोठ्याने म्हणत होतो. आजी भिंतीला टेकून हरभरा निवडत बसली होती. मी 'संतोषी माँ'वर आलो तशी तिची बोटे थांबली.

"संतोषीमाता म्हनालास का? म्या बघितलाय त्यो शिनिमा."

मी चकित झालो. आमच्या घरात सिनेमा म्हणजे आजोबा. आजोबा मुंबईला गिरणीत होते. परळला एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या पंधरा-वीस माणसांत ते राहत. त्यांनी मिनर्व्हात रांग लावून 'शोले' तीनदा पाहिला होता. दर दिवाळीला ते आम्हा नातवंडांना पुढ्यात बसवून सगळा 'शोले' सांगत, घोड्यांच्या टापांसकट. जयच्या नाण्याला दोन्ही बाजूंना छापा असतो, हे सांगताना ते खिशातून खरोखर नाणे काढत. मी नववीत असताना ते गेले. आजीने कधी सिनेमा पाहिला असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आले नव्हते.

"तू कुठे पाहिलास?"

"जत्रंत तंबू आला हुता. मुंबईत लागून वरीस-दीड वरीस झालं असंल. देवाचं हाय म्हनून सासूनं धाडलं, न्हाईतर कोन सोडतंय? आमी नऊ बाया, येक बैलगाडी. तंबूच्या भाईर चपला काढल्या. तशी माज्या पायात नव्हतीच."

ती सांगत गेली आणि मी ऐकत गेलो. मध्ये दोरी बांधून बायांची बाजू वेगळी केली होती. खाली जमिनीवरच बसायचे. देवी दिसली की बायका हात जोडत, पडद्याकडे पैसे टाकत. कुणी आरतीचे ताटच घेऊन आली होती. आजीने पदराला चार आणे बांधून नेले होते, तेही तिने टाकले.

"देवीसाठी?"

"देवीसाठीच की." ती जरा थांबली. "पर खरं सांगू का, देवी मला लई ध्येनात न्हाई. ती पोरगी ध्येनात हाय. तिला जावा छळत्यात. नवरा लांब गेल्याला, त्यो तिला इसरून बसतो. समदं काम तिच्यावर. म्या म्हनलं, ह्ये माजं ह्यांस्नी कुनी सांगितलं? रडाया आलं. घरात रडाया जागा नव्हती बाबा. तितं अंधार हुता आन समद्याच बाया रडत हुत्या. कोन कुनाला इचारनार?"

मी विचारले, "मग शुक्रवार धरलेस?"

"सोळा धरलं. आंबट न्हाई खाल्लं. ताकबी न्हाई."

"मग गुण आला?"

आजी हसली. "जावा त्याच हुत्या आन नवरा मुंबईलाच. त्यो आला ब्याऐंशी साली. देवीनं न्हाई आनला, संपानं आनला. पर सोळा शुक्रवार म्या माज्या मनानं केलं. त्या घरात माज्या मनानं केल्यालं तेवढंच."

1982 चा गिरणी संप मी इतिहासाच्या पुस्तकात वाचला होता. अडीच लाख कामगारांचा संप, गिरण्या बंद, माणसे गावाकडे परतली. त्या परतलेल्या माणसांची वाट कुणीतरी पाहत होते, हे पुस्तकात नव्हते.

"आजोबांना सांगितलंस का कधी, सिनेमा पाहिल्याचं?"

"त्यांनी इचारलं न्हाई," आजी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "गनपतीला आलं तवा त्या शोल्याचंच सांगत बसले. म्या भाकरी थापत ऐकलं. चांगलं सांगायचे." मग हरभऱ्यातला खडा बाजूला टाकत तिने विचारले, "तू काय म्हनत हुतास संतोषीमातंबद्दल?"

"काही नाही. त्या वर्षीच्या सिनेमांची नावं पाठ करत होतो."

वाचकहो, हे मी खोटे बोललो. आजीशी मी याआधीही खोटे बोललो आहे. पण त्या वेळी ते बोरे किंवा परीक्षेचे गुण यांसाठी होते. हे निराळे होते. सभागृहात ज्या डोक्यांवर मी हशा मिळवला, त्यांतले एक माझ्या समोर बसून हरभरा निवडत होते. आणि त्याहून मला टोचले ते दुसरेच. ज्या गावात सगळ्यांना ठाऊक असून कुणी विचारत नाही, त्या गावावर मी पाच मिनिटे तावातावाने बोलत होतो. आमच्या घरात एकोणीस वर्षे मी तरी आजीला काय विचारले होते? जेवायला काय केलेस, एवढेच.

सुटीनंतर अंतिम फेरी झाली. मी 'सामना'च मांडला. काहींना वाटेल, मी पक्ष बदलायला हवा होता. तसे मला वाटत नाही. 'जय संतोषी माँ' मी सुटीत मोबाईलवर पूर्ण पाहिला. कवी प्रदीप यांची गीते आणि उषा मंगेशकरांचा आवाज सोडला तर चित्रपट म्हणून तो मला भाबडा आणि ओबडधोबडच वाटला. नवरा कसाही असला तरी बायकोने सोसावे, ही त्यातली शिकवण मला मुळीच पटली नाही. आजीला बरे वाटले म्हणून मला तो थोर म्हणता येणार नाही. पण तो अंधार आणि त्यात एकाच वेळी रडणाऱ्या बाया मला त्या वीतभर पडद्यावर दिसणार नव्हत्या, एवढेही मला कळले. मिनर्व्हात रांग लावणारा नवरा आणि तंबूत जमिनीवर बसलेली त्याची बायको; दोघांचे त्या सालचे सर्वोत्तम चित्रपट निराळे, आणि दोघांनीही ते पुरते पैसे देऊन पाहिलेले.

म्हणून चार मिनिटे 'सामना'वर बोललो आणि शेवटच्या मिनिटात म्हणालो, "प्राथमिक फेरीत मी एक विनोद केला होता. तो मी मागे घेतो. डोकी बाहेर ठेवून आत गेलेल्यांपैकी एक माझी आजी होती. तिने डोके बाहेर ठेवले नव्हते. ते टेकायला तिला दुसरी जागा नव्हती, म्हणून ती ते आत घेऊन गेली होती." सभागृह हसले नाही. टाळ्याही पडल्या नाहीत. घंटा वाजली आणि मी खाली उतरलो.

मतदानात 'शोले' पहिला आला, 'सामना' दुसरा. 'दीवार'ने फेरमोजणी मागितली. 'चुपके चुपके' हसत होती.

रात्री घरी फोन लावला. आजीने स्वतःहून फोन मागून घेतला.

"कुनाचा नंबर आला रं पयला?"

"शोलेचा."

"म्हंजे ह्यांचाच आला म्हन की!" तिकडून हसण्याचा आवाज आला. "आन तुजा?"

"दुसरा."

"बरं. म्या सांगितल्यालं सांगितलंस का तितं?"

"सांगितलं."

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "समद्यांसमोर?"

"समद्यांसमोर."

"आगं बया," आजी म्हणाली आणि तिने फोन आईकडे दिला.