दुरुस्ती करणारे

दुरुस्ती ही नेहमीं हितकरच असते, असा आपणां सर्वांचा समज असतो. आमच्या सदरच्या बाजारांतला रफूगार फाटक्या शालीची शेजारची वीण पाहतो आणि तिच्याबरहुकूम भोंक भरून काढतो. पण ती वीणच चुकलेली असली, तर त्याच्या कौशल्यानें चूकच पक्की होते! माणसाच्या मेंदूंतही असेंच घडतें, हें आतां सिद्ध होऊं लागलें आहे.

हंटिंग्टनच्या विकारांत बहुधा ऐन मध्यम वयांत हातपाय आपोआप हालूं लागतात, स्वभाव पालटतो, बुद्धि क्षीण होते. 1993 सालीं त्याचें मूळ सांपडलें. एका जनुकांत ‘सीएजी’ हीं तीन अक्षरें लागोपाठ येतात. तीं 40 किंवा अधिक वेळां आलीं, कीं रोग सहसा टळत नाहीं. आईबापांपैकीं एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास येण्याचा संभव निम्मा.

परंतु आंकडा सारखा असूनही एकास हा रोग दुसऱ्यापेक्षां कित्येक वर्षें आधीं गांठतो, तें कां? 2015 सालीं हजारों रुग्णांच्या तपासणींतून कळलें, कीं हा फरक पाडणाऱ्यांत डीएनएची दुरुस्ती करणारीं जनुकें आहेत. डीएनएच्या एका धाग्यांत जादा अक्षरांचा फांसा सुटला, कीं एमएसएच3 हें प्रथिन धांवून येतें; पण त्या दुरुस्तींत पुष्कळदां समोरच्या धाग्यांतच तितकी भर पडते आणि साखळी लांबते. उलट फॅन1 हें प्रथिन ही वाढ आवरतें. 2025 सालच्या एका संशोधनाप्रमाणें मेंदूच्या पेशींत ही साखळी वर्षानुवर्षें वाढून सुमारें 150 च्या पुढें गेली, म्हणजे पेशीचा नाश सुरू होतो.

आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील याच विकारानें गेले. “सर, मी तपासणी करून घ्यावी का?” असें तिनें विचारलें. आम्ही पडलों वाङ्मयाचे शिक्षक; तो निर्णय देण्याचा अधिकार आमचा नव्हे. इतकेंच म्हणालों, “तपासणी आंकडा सांगेल, तारीख सांगणार नाहीं.” रोग समूळ बरा करणारें औषध अद्याप नाहीं, परंतु एमएसएच3 ला आवर घालण्याची संशोधकांची खटपट चालू आहे.

आनुवंशिकतेला ललाटरेषा मानण्याची आपणांस संवय आहे. पण आईबापांकडून केवळ दोषच येत नाहींत. ते लवकर फळास यावे कीं उशिरा, हें ठरविणारे दुरुस्तीकारही त्यांच्याकडूनच येतात. ती मुलगी अजून निर्णयाप्रत आलेली नाहीं. तिला घाई करण्याचा हक्क आम्हां कोणासही नाहीं.