तेराव्या मिनिटाची सम

७ जुलै, सुकापूर
दिवसभर पाऊस. प्रबळगड ढगांत गडप. बाबांच्या सीड्या कपाटातून काढल्या, दमट वास येतोय. किशोरीताईंचा भूप लावला. तेराव्या मिनिटाला टिक्-टिक् झालं आणि ठेका तिथेच तीनदा घुटमळला. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अरे, सम चुकली!"

८ जुलै
ट्यूबलाईटखाली धरली. दोन ओरखडे. मधून कडेकडे गेलेला लांब, पण बिनधोक. नोंदी सर्पिल वाटेने जातात, तो प्रत्येक फेरीत कणभरच खातो. दुसरा आखूड, पण वाटेच्याच दिशेने गेलेला. हाच चोर.
१९८२ साली सीडी बाजारात आणणाऱ्या सोनी-फिलिप्सनी ओरखडे पडणार हे ओळखलं होतं. शेजारचे आकडे दूरदूर पेरलेले, वर रीड-सॉलोमन गणिताची जोड. सुमारे अडीच मिलिमीटर सलग खराबी असली तरी आकडे जसेच्या तसे परत मिळतात. त्यापुढे यंत्र आजूबाजूचं बघून अंदाज भरतं, तेही जमेना तर गप्प बसतं. आपल्याला सांगत मात्र नाही!
जुन्या बनियनने पुसली, मधून कडेकडे. छापील बाजू जपली. ॲल्युमिनियम तिथे लाखेच्या पातळ थराखालीच असतं.

१० जुलै
लाईट दोनदा गेली. भूप संगणकावर दोनदा उतरवला, तर दोन फाइली जुळेनात. दचकलोच. मग कळलं, आकडे बहुतेक तेच होते, जागा सरकली होती. जुना ड्राइव्ह मध्येच थांबला की पुन्हा नेमक्या जागी उतरत नाही. या सरकण्याला जिटर म्हणतात. डेटाच्या सीडीत प्रत्येक गटाला स्वतःचा नेमका पत्ता असतो; गाण्याच्या सीडीत गटाचे २३५२ बाइट सगळे गाण्याचेच, पत्त्याला त्यात जागा नाही.

१२ जुलै
भाऊजी आले. "जिटर असणार, भारी प्लेअर घे." प्लेअरमधला जिटर वेगळा. सेकंदाला ४४,१०० नमुने बाहेर पडताना घड्याळ थरथरतं, तो. तबकडीच्या डगमगण्याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. नळाला पाणी कसंही येवो, गच्चीवरच्या टाकीतून धार एकसारखीच पडते. इथे टाकीच्या जागी मेमरी आणि तोटीशी क्वार्ट्झचं घड्याळ. घड्याळच रद्दी असेल तर गोष्ट निराळी, पण त्याने ठेका तीनदा वाजत नाही. भाऊजींना पटलं नाही. चहा मात्र दोनदा झाला.

१३ जुलै
संगणकावर पुन्हा उतरवताना प्रत्येक तुकडा मागच्यावर थोडा चढवून वाचला, जुळवत जुळवत शिवला. सगळं जुळलं, तेराव्या मिनिटातला निमिषभर सोडून. तिथे तीन वाचनांत तीन उत्तरं. त्यातलं कमी खटकणारं आईने निवडलं.
कव्हरवर पेन्सिलीने लिहून ठेवलं: १३ मि. ४ से., इथे यंत्राचा अंदाज.