सुटलेली सिगारेट, सुटलेलं पोट

मराठीत 'सुटणं' हा मोठा गमतीचा शब्द आहे. व्यसनही सुटतं आणि पोटही सुटतं. माझं दोन्ही एकाच वर्षात सुटलं. २२ वर्षांची सिगारेट गेली आणि वजन ६ किलोंनी वाढलं. पहिल्या सुटण्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. दुसऱ्याबद्दल मात्र प्रत्येक वलीम्यात कुणी ना कुणी बोलतंच. "भाईजान, तब्येत सुधारली हं!" असं पोटाकडे बघत म्हणणाऱ्यांनी माझ्या खोकल्याकडे मात्र वर्षानुवर्षं कानाडोळा केला होता.

वजन वाढण्याचं कारण साधं आहे. निकोटिन भूक मारतं आणि बसल्या जागीही शरीराला थोडी जास्त ऊर्जा जाळायला लावतं. ते बंद झालं की भूक परत येते. जिभेला चव कळू लागते. अम्मीच्या खिम्यातली मेथी मला आता दारातूनच ओळखता येते. शिवाय हाताला चाळा हवा असतो, मग पाकिटाची जागा शेंगदाणे आणि फरसाण घेतात. सिगारेट सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढतं आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांतच. काहींचं वाढत नाही, काहींचं तर कमीही होतं.

मी टोमणे हसण्यावारी नेले. माझ्या एका मित्राला ते जमलं नाही. त्याने पाच महिने निभावलं होतं. पँटची कंबर दोनदा उसवून वाढवावी लागली आणि चहाच्या टपरीवर त्याचं नाव 'पोटोबा' पडलं. एक दिवस त्याने पुन्हा पाकीट घेतलं. म्हणाला, "पोटापेक्षा धूर बरा." हिशेब मात्र उलटा आहे. वजन वाढलं तरी, सिगारेट सोडणाऱ्याला हृदयविकाराने मरण्याचा धोका ओढत राहणाऱ्यापेक्षा कमीच असतो.

लंडनमधला भाचा म्हणतो, "मामू, व्हेप घ्या. धूर नाही, पोटही नाही." सिगारेट सोडण्यासाठी त्याने तोच मार्ग धरला. इंग्लंडच्या सरकारने २०२३मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपचे संच देण्याची योजना जाहीर केली. आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साधी सिगारेट मात्र नाक्यानाक्यावर आहेच.

भाच्याला मी नावं ठेवत नाही. धुरापासून तो सुटला, हे मोठंच आहे. पण माझी सिगारेट आधीच सुटलेली. केवळ पोटासाठी निकोटिनला पुन्हा घरात कशाला घ्यायचं? रमजानमध्ये चौदा-चौदा तास मी सिगारेटविना काढलेत. तलफ येते, काही मिनिटं छळते आणि जाते, हे रोज्यांनी मला आधीच शिकवलं होतं. वजनासाठी फज्रनंतर चालायला जातो. आता जिना चढताना धाप लागत नाही.

तुमच्या ओळखीत कुणी सिगारेट सोडली असेल, तर त्याच्या पोटाकडे बघू नका. "किती महिने झाले?" एवढंच विचारा. आकडा सांगताना त्याचा चेहरा बघा. त्याला पुन्हा टपरीकडे ढकलणारं वाक्य निदान आपल्या तोंडून निघू नये.